कर्ता आणि क्रियापद यांच्यामधील जागा

प्रस्तावना

इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषणाने कोठे बसावे, आणि विशेषतः कर्ता व क्रियापद यांच्या दरम्यान जी अल्पशी जागा असते तीत कोणत्या क्रियाविशेषणास प्रवेश आहे व कोणत्यास नाही, हा प्रश्न शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत बहुधा शेवटच्या पानांवर दोनचार नियम आणि काही उदाहरणे यांच्या स्वाधीन केलेला असतो; आणि ज्या विद्यार्थ्याने काळ, प्रयोग, अर्थ यांचा सारा अभ्यासक्रम निष्ठेने पार केला, तोही येथे येऊन ‘हे कानाने कळते’ एवढ्यावर समाधान मानून पुढे सरकतो. कान हा भाषेचा मोठा गुरू आहे हे खरेच. परंतु ज्यांचा कान मराठीत घडला त्यांचे काम दुसऱ्याच्या कानाचा हवाला देऊन भागत नाही. त्यांना कारण हवे असते, आणि कारण सांगता येण्याजोगे आहे असा प्रस्तुत लेखकाचा विश्वास आहे. पुढील प्रकरणांतील सर्व विवेचन या एका जागेभोवती फिरते. त्या विवेचनामागील मुख्य विचार कोणता, आणि इतक्या लहानशा जागेसाठी एवढा प्रपंच कशाला, हे येथे सांगावयाचे आहे.

शाळेत शिकविले जाणारे नियम स्थूलमानाने तीन आहेत. वाक्यात क्रियापद एकटेच असेल तर ‘ऑल्वेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ अशा जातीचे क्रियाविशेषण त्याच्या आधी येते, जसे ‘ही ऑल्वेज कम्स लेट’. ते क्रियापद ‘बी’ धातूचे रूप असेल तर क्रियाविशेषण त्याच्या नंतर येते, जसे ‘ही इज ऑल्वेज लेट’. आणि साहाय्यक क्रियापदे असतील तर ते पहिल्या साहाय्यकाच्या लगोलग मागे बसते, जसे ‘ही हॅज ऑल्वेज कम लेट’, किंवा ‘ही वुड ऑल्वेज हॅव कम लेट’. नियम बरोबर आहेत, उपयुक्तही आहेत. परंतु एकदा आधी, एकदा नंतर आणि एकदा मध्ये अशा तीन जागा एकाच शब्दाला का, याचे उत्तर त्यांत नाही. हे तीन नियम वस्तुतः एकच नियम आहे, आणि त्या एका नियमाचे मूळ क्रियाविशेषणाच्या स्वभावात नसून इंग्रजी क्रियापदाच्या इतिहासात आहे, हे दाखविणे हा या पुस्तकाचा उद्देश होय.

तो एक नियम ध्यानात येण्यासाठी दरबाराची कल्पना करावी. इंग्रजी वाक्यात कर्त्याच्या लगेच पुढे एक मसनद मांडलेली असते, आणि ती काळाची मसनद होय. ‘विल’, ‘हॅज’, ‘कॅन’, ‘इज’ यांपैकी कोणी वाक्यात असेल तर तो त्या मसनदीवर विराजमान होतो. आणि ‘ऑल्वेज’सारख्या मानकऱ्याची बैठक मसनदीच्या लगत, तिच्या खालच्या अंगास ठरलेली असते. ‘ही हॅज ऑल्वेज कम लेट’ या वाक्यात धनी मसनदीवर आहे, मानकरी त्याच्या खाली आहे, आणि मुख्य क्रियापद ‘कम’ आणखी खाली. आता ‘ही ऑल्वेज कम्स लेट’ हे वाक्य घ्यावे. येथे साहाय्यक नाही. मसनद रिकामी आहे. मुख्य क्रियापद तर मसनदीवर चढत नाही, काळाची खूण तेवढी ‘एस’ या प्रत्ययाच्या रूपाने त्याच्यापर्यंत खाली पोहोचते. धनी गैरहजर असला म्हणून मानकऱ्याने आपली जागा सोडावयाची नसते. तो जेथे होता तेथेच आहे. रिकामी मसनद डोळ्यांस दिसत नाही म्हणून तो क्रियापदाच्या ‘आधी’ बसला असा भास होतो इतकेच. याची प्रचीती पाहावयाची असेल तर त्याच वाक्याचा प्रश्न करावा. ‘डज ही ऑल्वेज कम लेट?’ असे म्हणताच कोठूनसा ‘डज’ हजर होतो, काळाची खूण आपल्याकडे घेतो, आणि ‘ऑल्वेज’ मात्र जागचा तसूभरही हलत नाही. ‘डू’ हा धातू येथे निव्वळ मुतालिक आहे: त्याला स्वतःचा अर्थ नाही, धन्याच्या गैरहजेरीत गादी चालविणे एवढेच त्याचे काम.

‘नॉट’ आणि ‘नेव्हर’ यांच्या तुलनेतून ही गोष्ट अधिक उघड होते. अर्थाने दोघेही नकारच. तरी ‘ही नेव्हर कम्स’ हे शुद्ध वाक्य आहे आणि ‘ही नॉट कम्स’ हे अशुद्ध. कारण ‘नेव्हर’ रिकाम्या मसनदीखाली निमूट बसू शकतो. ‘नॉट’ला ते मान्य नाही. मसनदीवर कोणी ना कोणी असल्याखेरीज तो दरबारात येतच नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी मुतालिकाला पाचारण करावे लागते: ‘ही डज नॉट कम’. मराठीभाषी विद्यार्थ्याला ‘डज नॉट’ हे पाठ असते. परंतु ‘नेव्हर’ आला की ‘डज’ का नाहीसा होतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि मग ‘ही डज नेव्हर कम’ असे वाक्य त्याच्या वहीत उमटते. दोन अव्ययांच्या स्वभावातील हा एक भेद ओळखला की ती चूक मुळातूनच नाहीशी होते.

मुख्य क्रियापदाने मसनदीवर चढू नये हा दंडक इंग्रजीत पहिल्यापासून नव्हता. शेक्सपिअरच्या नाटकांत आणि १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या भाषांतरात ‘नो नॉट’ ही रचना जागोजाग आढळते. तेथे ‘नो’ हे मुख्य क्रियापद स्वतःच मसनदीवर बसले आहे आणि नकार त्याच्या खाली आहे. फ्रेंच भाषेत आजही हीच वहिवाट चालू आहे: ‘तो वारंवार खातो’ हे फ्रेंचमध्ये सांगताना ‘खातो’ आधी येते आणि ‘वारंवार’ नंतर, आणि कर्म असले तर ते क्रियाविशेषणाच्याही पलीकडे जाते. इंग्रजीत मात्र पंधराव्या शतकापासून पुढच्या दोनअडीचशे वर्षांत मुख्य क्रियापदे हळूहळू मसनदीवरून उतरली, आणि प्रश्न व नकार यांच्या कामी ‘डू’ची नेमणूक कायम होत गेली. या स्थित्यंतराचा जुन्या ग्रंथांतील वाक्ये मोजून माग काढण्याचे काम स्वीडिश विद्वान आल्व्हार एलेगोर्ड यांनी १९५३ सालच्या आपल्या प्रबंधात केले. आणि फ्रेंच व इंग्रजी यांच्यातील हा भेद क्रियापद किती वर चढते एवढ्यावरच अवलंबून आहे, ही उपपत्ती जोसेफ एमंड्स यांच्या विचारसूत्राला धरून फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झाँ-ईव्ह पोलॉक यांनी १९८९ साली सविस्तर मांडली. ‘बी’ हा धातू, आणि साहाय्यक म्हणून येणारा ‘हॅव’, यांनी तेवढी जुनी वहिवाट सोडली नाही. म्हणूनच ‘ही इज ऑल्वेज लेट’ या वाक्यात एकटे क्रियापद असूनही क्रियाविशेषण त्याच्या नंतर येते. शाळेतील दुसरा नियम म्हणजे या जुन्या वहिवाटीचा शिल्लक राहिलेला दाखला होय.

याच इतिहासाचा आणखी एक अवशेष आपल्या घरात आहे. सोळाव्या शतकात ‘डू’ हा केवळ प्रश्न-नकारांपुरता नव्हता. साध्या होकारार्थी विधानातही, कसलाही जोर अभिप्रेत नसताना, तो मसनदीवर बसलेला असे. पुढे सामान्य गद्यातून ही रीत लोपली, पण शपथा, जाहीरनामे आणि दस्तऐवज यांच्या भाषेने ती जपून ठेवली. भारताच्या संविधानाच्या इंग्रजी उद्देशिकेत, २६ नोव्हेंबर १९४९ या तारखेचा निर्देश झाल्यावर, ‘डू हिअरबाय अडॉप्ट’ हे शब्द येतात. मसनदीवर ‘डू’, तिच्या लगत ‘हिअरबाय’, त्याखाली मुख्य क्रियापद. आणि या सर्वांचा कर्ता ‘वी, द पीपल’ हा मात्र अनेक ओळी मागे, वाक्याच्या प्रारंभी उभा. एवढे अंतर मध्ये पडूनही वाक्य कोलमडत नाही, याचे श्रेय पुष्कळसे त्या ‘डू’कडे जाते. कर्त्यापासून दुरावलेल्या वाचकाला, येथून विधेय सुरू झाले, अशी ग्वाही तो देतो. मराठी उद्देशिकेत ‘याद्वारे’ हा शब्द ‘हे संविधान’ या कर्माच्याही आधी येतो आणि क्रियापद सर्वांच्या शेवटी. कारण मराठीत काळाची मसनद वाक्याच्या अखेरीस असते, आणि तिच्यापुढे सगळ्या कारकांना व क्रियाविशेषणांना बसावयास प्रशस्त अंगण मोकळे असते.

आपल्या लोकांची खरी अडचण येथेच सुरू होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली महाराष्ट्र भाषेचे व्याकरण रचले तेव्हापासून, आणि मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या शास्त्रीय व्याकरणानंतर अधिकच, मराठी क्रियाविशेषणांचे कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक असे अर्थानुसारी वर्ग आपल्या परिचयाचे आहेत. हे वर्गीकरण अर्थाच्या दृष्टीने निर्दोष असले तरी स्थानाविषयी ते काही बोलत नाही. मराठीत त्याची तितकी गरजही भासत नाही. ‘काल मी मुंबईस गेलो’, ‘मी काल मुंबईस गेलो’, ‘मी मुंबईस काल गेलो’ या तीनही वाक्यांत भर कशावर आहे एवढेच बदलते, शुद्धाशुद्धतेचा प्रश्न उद्भवत नाही. इंग्रजीत मात्र ‘आय येस्टर्डे वेंट टु बॉम्बे’ हे वाक्य ऐकताच बोलणारा परका आहे हे उघड होते. ‘ऑल्वेज’ आणि ‘येस्टर्डे’ हे दोन्ही शब्द आपल्या वर्गीकरणात कालवाचकच. पण पहिल्याला मसनदीखाली मान आहे आणि दुसऱ्याला नाही. याउलट ‘तो इंग्रजी उत्तम बोलतो’ या वाक्यात रीतिवाचक शब्द क्रियापदाला चिकटून असतो, आणि तीच जवळीक इंग्रजीत राखण्याच्या ओढीने विद्यार्थी ‘ही स्पीक्स वेल इंग्लिश’ असे लिहितो. क्रियापद आणि त्याचे लहानसे कर्म यांच्यामध्ये शिरण्यास इंग्रजी कोणालाही सहसा परवानगी देत नाही, हे त्याच्या गावीही नसते. दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्यांनी वाक्यामागून वाक्य भाषांतरित करून हा भेद अंगी बाणविला. आज तेवढी तालीम कोणाला मिळत नाही, आणि म्हणून नियमामागील तत्त्व सांगण्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

मधल्या जागेत प्रवेश कोणाला, याचा स्थूल जाबता असा. वारंवारतेचे वाचक ‘ऑफन’, ‘रेअरली’, ‘यूज्वली’. शक्याशक्यतेचे ‘प्रॉबेब्ली’, ‘सर्टन्ली’. क्रियेच्या अवस्थेचे ‘ऑलरेडी’, ‘स्टिल’, ‘जस्ट’. प्रमाणाचे ‘ऑल्मोस्ट’, ‘हार्डली’, ‘कम्प्लीटली’. मर्यादेचे ‘ओन्ली’, ‘इव्हन’. आणि कर्त्याचा हेतू सांगणारे ‘डेलिबरेटली’, ‘रिलक्टंटली’ हे सारे येथे बिनतक्रार बसतात. स्थळाचे ‘हिअर’, ‘देअर’ आणि नेमक्या वेळेचे ‘येस्टर्डे’, ‘टुमॉरो’ हे एरवी बाहेर राहतात. वृत्तपत्रीय गद्यातील काही लकबी वगळल्या तर या दंडकाला अपवाद थोडे. ‘वेल’, ‘हार्ड’, ‘फास्ट’ ही शुद्ध रीतिवाचके क्रियापदाच्या मागे जातात. कर्मणि प्रयोगात तेवढी ‘वेल’ला सवलत मिळते, जसे ‘द बुक वॉज वेल रिसीव्हड’. एकाहून अधिक मानकरी एकत्र आले तर त्यांच्यातही श्रेष्ठकनिष्ठतेचा क्रम असतो: ‘ही हॅज प्रॉबेब्ली ऑलरेडी कम्प्लीटली फरगॉटन इट’ यात शक्यता आधी, अवस्था मग आणि प्रमाण शेवटी. इटालियन भाषाशास्त्रज्ञ गुल्येल्मो चिंक्वे यांनी १९९९ सालच्या आपल्या ग्रंथात अनेक भाषांची तुलना करून असे प्रतिपादिले की हा क्रम एखाद्या भाषेची लहर नसून सर्व भाषांना समान आहे. ‘तो बहुधा एव्हाना ते पूर्णपणे विसरला असेल’ हे आपल्या कानाला सहज वाटते आणि ‘तो पूर्णपणे एव्हाना बहुधा ते विसरला असेल’ हे खटकते, हा अनुभव त्या मताला पोषकच आहे. म्हणजे मसनद इंग्रजीत पुढे आणि मराठीत मागे असली, तरी मानकऱ्यांचा परस्परक्रम दोन्ही दरबारांत एकच. आणि जो विद्यार्थी मराठीचा कान बरोबर घेऊन आला आहे त्याचे या बाबतीत काहीच वाया जात नाही.

आता अर्थाकडे वळू. कारण जागेचा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा असता तर त्यावर ग्रंथ लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. ‘ही फूलिशली आन्सर्ड द क्वेश्चन’ आणि ‘ही आन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. पहिल्याचा स्वाभाविक अर्थ असा की त्याने उत्तर दिले हाच त्याचा मूर्खपणा. कदाचित उत्तर स्वतः अत्यंत मार्मिकही असेल. दुसऱ्याचा अर्थ असा की उत्तर मूर्खपणाचे होते. मधल्या जागेतील शब्द कर्त्याकडे आणि संपूर्ण कृत्याकडे पाहून बोलतो. शेवटचा शब्द क्रियेच्या रीतीकडे पाहतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेंडॉफ यांनी १९७२ सालच्या ग्रंथात या अर्थभेदाची पद्धतशीर चिकित्सा केली, आणि रँडॉल्फ क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ सालच्या बृहद्व्याकरणात तिला विस्तृत स्थान मिळाले. मराठीत हाच भेद आपण रूप बदलून साधतो. ‘त्याने मूर्खासारखे उत्तर दिले’ हे संदिग्ध वाटले तर ‘उत्तर देण्याचा मूर्खपणा त्याने केला’ अशी वाक्याची घडणच पालटतो. जे काम आपण रचनेवर सोपवितो ते इंग्रजी एका जागेवर सोपविते, आणि म्हणून त्या जागेबद्दल बेफिकीर राहणे इंग्रजीत परवडत नाही.

नकाराच्या सान्निध्यात ही गोष्ट आणखी नाजूक होते. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ म्हणजे मला ते मनापासून नावडते. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ म्हणजे ते मला आवडते असे काही म्हणता यावयाचे नाही. एक खणखणीत नापसंती आहे, दुसरी सभ्य टाळाटाळ. ‘ही डेलिबरेटली डिडन्ट आन्सर’ म्हणजे तो मुद्दाम गप्प राहिला; ‘ही डिडन्ट डेलिबरेटली आन्सर’ म्हणजे उत्तर दिले खरे, पण मुद्दाम नव्हे. जो शब्द नकाराच्या वर बसला तो नकारालाही आपल्या अमलाखाली घेतो, आणि जो खाली बसला तो स्वतःच नकाराच्या अमलाखाली जातो, असे याचे सूत्र आहे. ते एकदा हाती आले की पाठांतराची पाने कोरी ठेवता येतात. ‘स्टिल’ आणि ‘प्रॉबेब्ली’ हे नकारार्थी साहाय्यकाच्या आधी का येतात, म्हणजे ‘ही स्टिल हॅजन्ट कम’, ‘ही प्रॉबेब्ली वोन्ट कम’ असेच का म्हणतात, याचाही उलगडा याच सूत्राने होतो.

कायद्याच्या भाषेत तर या जागेवर माणसाचे स्वातंत्र्य टांगलेले असते. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेची इंग्रजी संहिता उघडून पाहावी. ‘हूएव्हर’ या कर्त्यानंतर आणि कृत्यवाचक क्रियापदाच्या आधी ‘व्हॉलंटरिली’, ‘डिसऑनेस्टली’, ‘फ्रॉड्युलंटली’ यांपैकी एखादे क्रियाविशेषण बसलेले पुन्हा पुन्हा आढळते. कृत्य काय झाले हे क्रियापद सांगते, आणि ते कोणत्या मनाने झाले हे मधला शब्द सांगतो. या शब्दांचे महत्त्व संहितेच्या कर्त्यांना इतके ठाऊक होते की त्यांनी कलम २४, २५ आणि ३९ ही अनुक्रमे ‘डिसऑनेस्टली’, ‘फ्रॉड्युलंटली’ आणि ‘व्हॉलंटरिली’ या शब्दांच्या खुलाशासाठीच राखून ठेवली. क्रियाविशेषणाला स्वतःचे स्वतंत्र कलम मिळावे, असा मान त्याला अन्यत्र क्वचितच लाभला असेल. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही या शब्दांच्या व्याख्या आपल्या दुसऱ्या कलमात ठेवल्या आहेत. हेच शब्द वाक्याच्या शेवटी नेले असते तर, मधल्या लांबलचक कर्मांच्या आणि अटींच्या गर्दीत, अप्रामाणिकपणा नेमका कोणत्या कृत्याचा, असा वाद उपस्थित करण्यास प्रत्येक वकील मोकळा राहिला असता.

जागा योग्य असूनही वाद सर्वस्वी टळतोच असे मात्र नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या फ्लोरेस-फिगेरोआ खटल्यात प्रश्न ‘नोइंगली’ या एका शब्दाच्या व्याप्तीचा होता. दुसऱ्या व्यक्तीचे ओळखपत्र बेकायदेशीरपणे जाणूनबुजून वापरणाऱ्यास दोन वर्षांची अतिरिक्त सक्तीची कैद, अशी कायद्यातील तरतूद. आरोपीने खोटी ओळखपत्रे मालकाला दिली हे निर्विवाद, पण त्यांवरील क्रमांक खरोखरीच्या दुसऱ्या माणसांचे आहेत हे त्याला माहीत असल्याचे सिद्ध करावे लागेल काय? सरकारचे म्हणणे, लागणार नाही; ‘जाणूनबुजून’ हा शब्द वापरण्यापुरताच आहे. ४ मे २००९ रोजी न्यायालयाने सरकारविरुद्ध निर्णय दिला, आणि न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी निकालपत्रात आधार घेतला तो साध्या इंग्रजी व्याकरणाचा: सकर्मक क्रियापदाच्या आधी असे क्रियाविशेषण आले की ते कर्मासकट संपूर्ण कृत्याला लागू आहे असेच ऐकणारा सामान्यतः समजतो. मधल्या जागेतून दिसणारा प्रदेश वाक्याच्या अखेरीपर्यंत पसरलेला असतो, या भाषिक सत्याला मिळालेली ही न्यायालयीन मान्यता होय.

त्याच वर्षाच्या आरंभी त्याच न्यायालयाच्या सरन्यायाधीशांकडून या जागेविषयी एक वेगळा प्रकार घडला. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांना अध्यक्षपदाची शपथ देताना जॉन रॉबर्ट्स यांनी, हाती कागद न घेता, ‘फेथफुली’ हा शब्द त्याच्या संविधाननिर्दिष्ट जागेवरून, म्हणजे ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्यामधून, उचलून वाक्याच्या शेवटी नेला. ओबामा क्षणभर थांबले. सरन्यायाधीशांनी दुरुस्तीचा प्रयत्न केला. तरी शपथ चुकीच्याच क्रमाने उच्चारली गेली, आणि कोणी शंका काढू नये म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये ती पुन्हा देण्यात आली. मानसशास्त्रज्ञ व भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी यावर असे सुचविले की हा केवळ स्मृतिदोष नसावा. साहाय्यक आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये काही येऊ देऊ नये अशी जी एक समजूत इंग्रजी लेखकांच्या हाडीमासी खिळली आहे, तिचा तो परिणाम असावा. आपल्या संविधानाच्या साठाव्या अनुच्छेदातील राष्ट्रपतींच्या शपथेतही ‘विल फेथफुली एक्झिक्यूट’ हाच क्रम आहे, याची येथे आठवण ठेवावी.

ही समजूत आली कोठून? १८६४ साली कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी राणीच्या इंग्रजीचा कैवार घेणारे जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात ‘टु’ आणि त्यापुढील क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्यास हरकत घेतली होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या निषेधाला शिष्टसंमत नियमाचे स्वरूप आले. लॅटिनमध्ये ते रूप एकशब्दी असल्यामुळे फोडताच येत नाही, हा दाखला त्याच्या समर्थनार्थ वारंवार दिला जातो. जणू इंग्रजीने लॅटिनचा हुकूम शिरसावंद्य मानलाच पाहिजे. ‘टु’पुरता हा निषेध चर्चेचा विषय होऊ शकतो, पण त्याची धास्ती पुढे ‘विल’, ‘हॅज’ यांच्या नंतरच्या जागेपर्यंत पसरली, आणि जी जागा इंग्रजीत क्रियाविशेषणाची स्वाभाविक बैठक तीच निषिद्ध मानणारे लोक निपजले. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात या पसरलेल्या भयाचा कठोर समाचार घेतला. ‘ओन्ली’ला ज्याच्यावर मर्यादा घालावयाची त्याच शब्दाच्या शेजारी नेऊन बसविण्याचा अट्टाहासही त्यांना मान्य नव्हता. आपल्याकडे ‘च’ हवा त्या शब्दाला चिकटतो, म्हणून आपल्याला असा अट्टाहास तर्कशुद्ध वाटतो. परंतु इंग्रज माणूस ‘ओन्ली’ मधल्या जागेत ठेवून कोणत्या शब्दावर आवाज चढवायचा तेवढे ठरवितो, आणि त्याच्या बोलण्यात गोंधळ होत नाही. लिखाणात आवाज नसतो. म्हणून तेथे शब्द जवळ नेणे कित्येकदा हिताचे, इतकेच खरे.

एक मोठा अपवाद येथेच नमूद करतो, म्हणजे चिकित्सक वाचकास पुढे फसवणूक झाल्यासारखे वाटू नये. मानकरी कधी कधी मसनदीच्या वरच्या अंगासही जाऊन बसतो. साहाय्यकावर जोर आला, किंवा मुख्य क्रियापद गाळले गेले, की तो हमखास वर सरकतो: ‘आय नेव्हर हॅव’, ‘शी ऑल्वेज वॉज’. ‘हॅव यू एव्हर सीन इट?’ या प्रश्नाला ‘आय हॅव नेव्हर’ असे त्रोटक उत्तर इंग्रज माणूस देत नाही. वाक्य जेथे तोडले त्याच्या लगत क्रियाविशेषण लोंबकळत ठेवणे त्याला रुचत नाही. या अपवादांनी मूळ नियम मोडत नाही. मसनद आहे, तिला वरची आणि खालची अशी दोन अंगे आहेत, आणि कोणत्या प्रसंगी कोणते अंग, हे जोर आणि व्याप्ती यांवरून ठरते, एवढीच त्यात भर पडते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात मसनदीची कल्पना आणि तिचा इतिहास, दुसऱ्यात क्रियाविशेषणांचे स्थानानुसारी वर्ग, तिसऱ्यात नकार व व्याप्ती, आणि चौथ्यात कायदा, शपथ व कार्यालयीन मजकूर यांतील उदाहरणांची चिकित्सा येते. अभ्यासासाठी दिलेली वाक्ये मराठीतून इंग्रजीत नेण्याची आहेत, कारण आपली चूक नेमकी त्या वाटेवर होते. वाचकाने प्रत्येक वेळी क्रियाविशेषणाआधी वाक्यातील काळाचा शोध घ्यावा. काळ कोणत्या शब्दावर बसला आहे, आणि कोणावरच नसेल तर वाक्याचा प्रश्न केल्यावर ‘डू’ कोठे उभा राहतो, हे पाहावे. मग त्या जागेच्या खाली कोण, नकाराच्या वर कोण आणि वाक्याच्या शेवटी कोण, हे ठरविणे कठीण जात नाही. या कसोटीला न उतरणारी वाक्येही इंग्रजीत सापडतील, आणि जो वाचक ती शोधून काढील त्याने या ग्रंथाचा उपयोग लेखकाच्या अपेक्षेपेक्षा अधिक केला असे समजण्यास हरकत नाही.